मुलं आवडतात म्हणून बालविकास शिकावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "घरातली दोन धाकटी भावंडं मीच सांभाळली. सगळे म्हणतात, तुला मुलांचं छान जमतं. विद्यापीठात बालविकास आणि कुटुंब अभ्यास या विषयाला प्रवेश मिळतोय. पण बाबा विचारतात, मुलं सांभाळायला पदवी कशाला? माझं गणित कच्चं आहे आणि यात संख्याशास्त्र असतं असं ऐकलंय. पुढे समुपदेशक व्हायचं मनात आहे. प्रवेश घ्यावा का?"

मी बावीस वर्षं हा विषय शिकवते आहे. त्याआधी काही वर्षं, ज्यांच्या वाढीबद्दल काळजी वाटत होती अशा लहान मुलांच्या घरी जाऊन काम करत होते. असा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतं, पण बहुतेक जण "स्कोप आहे का" एवढंच विचारून थांबतात. तुम्ही बाबांचं वाक्य सोबत आणलंत ते बरं केलंत, कारण खरा प्रश्न त्यातच आहे. मुलांचं जमणं वेगळं आणि मुलांचा अभ्यास करणं वेगळं असतं का? असेल तर तो फरक शिकायला आयुष्यातली तीन-चार वर्षं द्यावीत का?

बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आपलं मूल वाढवायला पदवी लागत नाही आणि पदवी असलेले आईबाप जास्त चांगले असतात असंही नाही. पण ज्याच्या अहवालावरून एखाद्या मुलाला मदत मिळणार किंवा नाकारली जाणार, ज्याच्या एका वाक्याने एखाद्या आईची झोप उडणार, त्याला स्वतःच्या घरातला अनुभव पुरत नाही. तुमच्या भावंडांनी तुम्हाला दोन मुलं शिकवली. तिसरं मूल त्यांच्यासारखं नसलं की आपण नकळत म्हणतो, "हे जरा वेगळंच आहे." तिथून पुढे काय करायचं, हे या अभ्यासक्रमात शिकायचं असतं.

पहिल्या सेमिस्टरला आमच्याकडे निरीक्षण वही असते. बालवाडीच्या खोलीत कोपऱ्यात बसायचं, एकच मूल निवडायचं, दहा मिनिटं पाहायचं आणि लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं. एका विद्यार्थिनीने साडेतीन वर्षांच्या मुलीबद्दल लिहिलं होतं: "ती ठोकळ्यांचा मनोरा करत होती. मनोरा पडल्यावर चिडली आणि हट्टाने ठोकळा फेकला. स्वभाव तापट वाटतो." मी तिला वही घेऊन समोर बसवलं आणि विचारलं, चिडली म्हणजे तुला नेमकं काय दिसलं? ती आठवून सांगू लागली. मनोरा एकदा नाही, तीनदा पडला. पहिल्या दोन्ही वेळा मुलीने तो पुन्हा रचला, दुसऱ्यांदा खाली मोठा ठोकळा ठेवून. तिसऱ्यांदा पडल्यावर तिने हातातला निळा ठोकळा छातीशी धरला आणि बाईंकडे पाहिलं. बाई दुसऱ्या मुलाच्या बुटाची नाडी बांधत होत्या. तिने परत पाहिलं. मग ठोकळा भिरकावला.

आता हीच मुलगी पाहा. तिच्याकडे चिकाटी आहे, पहिल्या चुकीवरून तिने पाया बदलला, अडल्यावर मोठ्या माणसाची मदत मागितली, शब्दांनी नाही पण नजरेने, आणि तीही दोनदा. "तापट" या एका शब्दाखाली हे सगळं गाडलं गेलं होतं. विद्यार्थिनीने ते पाहिलं होतं, पण लिहिलं नव्हतं, कारण तिचा निष्कर्ष आधी तयार झाला. पाहिलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवणं हे या विषयातलं सगळ्यात पहिलं आणि सगळ्यात अवघड कौशल्य आहे. मुलांची आवड असलेल्यांना ते जास्तच अवघड जातं. ज्याच्यावर जीव असतो त्याच्या मनातलं आपल्याला कळतं असं आपण धरून चालतो. तुम्ही भावंडं सांभाळलीत, त्यामुळे मूल दचकलं, हिरमुसलं, झोपेला आलं की तुम्हाला लगेच जाणवेल. ही शिदोरी मोठी आहे. पण तेच जाणवणं पुरावा म्हणून लिहायचा मोह तुम्हाला इतरांपेक्षा जास्त होईल.

विषयाच्या नावात "कुटुंब" का आहे, हे मला माझ्या एका चुकीने शिकवलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दोन वर्षांच्या एका मुलाच्या घरी जात असे. तो फार कमी बोलायचा. तीन भेटी झाल्या, तिन्ही सकाळच्या. दर वेळी घर शांत, आई मुलाशी खुणांनी आणि अगदी हळू बोलायची, खेळणी मऊ, आवाज न करणारी. मी अहवालात लिहिलं की घरात मुलाशी बोलणं कमी आहे, आईला मार्गदर्शनाची गरज आहे. माझ्या वरिष्ठांनी अहवाल वाचून विचारलं, "वडील काय करतात?" मला माहीत नव्हतं. ते रात्रपाळीला होते आणि सकाळी बाजूच्याच खोलीत झोपलेले असत. वरिष्ठांनी मला संध्याकाळी जायला सांगितलं. संध्याकाळी त्याच घरात आई कामं करता करता त्या मुलाशी अखंड बोलत होती, गाणी म्हणत होती. वडील त्याला खांद्यावर घेऊन फिरत होते. मुलाचं बोलणं उशिरा येण्याचं कारण वेगळं निघालं. त्याला ऐकू कमी येत होतं. माझा तो अहवाल तसाच पुढे गेला असता तर श्रवण तपासणी लांबली असती आणि एका चांगल्या आईच्या नावावर ठपका लागला असता. त्या दिवसापासून मी कोणत्याही घराबद्दल लिहिण्याआधी त्या घराचं घड्याळ विचारते: कोण कधी उठतं, कोण कधी झोपतं, मूल कुणासोबत किती वेळ असतं.

मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉनफेनब्रेनर यांनी १९७०च्या दशकात हीच गोष्ट सिद्धांत म्हणून मांडली. मूल एकटं वाढत नाही. ते घरात, शाळेत, शेजारात वाढतं, आणि जिथे ते कधी पाऊलही ठेवत नाही अशा जागांचाही, उदाहरणार्थ आईवडिलांच्या कामाच्या जागेचा, त्याच्यावर परिणाम होतो. पुस्तकात ही मांडणी एकात एक वर्तुळं काढून दाखवतात आणि विद्यार्थी ती वर्तुळं पाठ करतात. माझ्यासाठी ती रात्रपाळी म्हणजेच ते बाहेरचं वर्तुळ होतं.

सिद्धांत पाठ करावे लागतील का, तर थोडे लागतील. पण चांगला शिक्षक तुम्हाला "कुणी काय म्हटलं" यापेक्षा "त्याला ते कसं कळलं" हे विचारेल. एक उदाहरण देते. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे जाँ पियाजे यांनी दाखवलं की साधारण आठ महिन्यांच्या आतलं बाळ कापडाखाली झाकलेलं खेळणं शोधत नाही. त्यांचा अर्थ असा की डोळ्यांआड गेलेली वस्तू अजून आहे, हे बाळाला त्या वयात कळत नाही. मग १९८५ मध्ये रेने बायार्जाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच महिन्यांच्या बाळांसमोर एक पडदा फिरवला. पडद्यामागे एक पेटी ठेवली होती. एका वेळी पडदा पेटीला टेकून थांबे, दुसऱ्या वेळी जणू पेटी नाहीच असा आरपार फिरे. बाळं दुसऱ्या दृश्याकडे जास्त वेळ पाहत राहिली. म्हणजे झाकलेली पेटी तिथेच असायला हवी, याची काहीतरी जाण त्यांना होती. मग खरं कुणाचं? मी परीक्षेत असा प्रश्न घालते: बाळाला काय विचारलं गेलं आणि त्याने कशाने उत्तर दिलं? एका प्रयोगात हाताने, दुसऱ्यात नजरेने. हात पुढे करून कापड ओढायला जे जे लागतं, ते नुसतं टक लावून पाहायला लागत नाही. शिवाय जास्त वेळ पाहणं म्हणजे समजणं का, यावरही पुढे बराच वाद झाला. मुलाची क्षमता आपण कोणत्या दारातून आत जातो त्यावर वेगळी दिसते, हे एकदा कळलं की पुढची सगळी पुस्तकं वेगळ्या नजरेने वाचली जातात.

दुसरं उदाहरण मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांचं. एका वर्षाच्या मुलाला अनोळखी खोलीत थोडा वेळ आईपासून दूर ठेवून पाहायची त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. सगळा प्रकार जेमतेम वीस मिनिटांचा. लोकांना वाटतं, आई गेल्यावर मूल किती रडतं ते यात मोजतात. मुख्य लक्ष असतं आई परत आल्यावर मूल काय करतं याकडे: बिलगून शांत होतं, तोंड फिरवतं, की एकाच वेळी बिलगतं आणि ढकलतंही. पण मला विद्यार्थ्यांना सांगावंसं वाटतं ते याच्या आधीचं. एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडात घरोघरी जाऊन आई आणि बाळांना पाहिलं होतं. नंतर अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये २६ कुटुंबांकडे बाळाच्या पहिल्या वर्षभर जात राहून, प्रत्येक घरी सुमारे ७२ तास निरीक्षण केलं. त्या ७२ तासांमुळे त्या वीस मिनिटांना अर्थ आला. आज कुणी एखादी छोटी चित्रफीत पाहून "या मुलाचं आईशी नातं असुरक्षित आहे" असं म्हणतं तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

आता गणिताकडे येते. हो, संख्याशास्त्र असतं आणि ते टाळता येत नाही. संशोधन पद्धतीचा एखाद-दुसरा पेपर, थोडं सॉफ्टवेअर, आणि शेवटच्या वर्षी छोटा प्रकल्प किंवा प्रबंध, असं साधारण असतं. बेरीज-गुणाकार संगणक करतो. तुम्हाला कळायला हवं ते हे, की दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नाही.

मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा मिठाईचा (मार्शमॅलोचा) प्रयोग तुम्ही ऐकला असेल. समोरचा खाऊ लगेच न खाता थांबलं तर मुलाला दुप्पट मिळतो. जी मुलं जास्त वेळ थांबली ती पुढे शाळेत सरस ठरली, असं नंतरच्या पाठपुराव्यात दिसलं आणि जगभरचे आईबाप मुलांना संयम शिकवायला लागले. २०१८ मध्ये ९०० पेक्षा जास्त मुलांची माहिती घेऊन हा संबंध पुन्हा तपासला गेला. तो मूळच्या निम्माच भरला. घरची परिस्थिती, घरातलं वातावरण आणि लहानपणीची बौद्धिक क्षमता हिशोबात धरल्यावर त्यातलाही दोन-तृतीयांश भाग गळाला. म्हणजे जे आपण मुलाच्या स्वभावाच्या खात्यावर मांडलं होतं, त्यातलं बरंच त्याच्या घराच्या खात्यावरचं निघालं. निळा ठोकळा फेकणाऱ्या मुलीच्या वहीत झालेली चूकच इथे मोठ्या आकड्यांत झाली होती. संख्याशास्त्राला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आधी हे उदाहरण देते, सूत्रं नंतर. ज्यांना मुलांबद्दल खरोखर कळकळ आहे ते सूत्रंही शिकतात, कारण आकडा चुकला की कुणाचं तरी मूल चुकीच्या रकान्यात जातं हे त्यांना दिसतं. दर आठवड्याला थोडा सराव, अडलं की लगेच विचारणं, एवढं केलंत तर कच्च्या गणितावर हा पेपर निघतो. परीक्षेआधीच्या रात्री मात्र निघत नाही.

प्रत्यक्ष कामात हे ज्ञान कसं वापरतात ते एका नेहमीच्या प्रसंगातून सांगते. आई विचारते, "पंधरा महिन्यांचा झाला, अजून चालत नाही. शेजारचा तर दहाव्या महिन्यात चालला." जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून २००६ मध्ये हालचालींच्या टप्प्यांच्या मर्यादा प्रसिद्ध केल्या. आधाराशिवाय चालण्याची मर्यादा ८.२ ते १७.६ महिने एवढी रुंद आहे. त्या पाहणीतली ४.३ टक्के मुलं तर हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. नवखा विद्यार्थी हे आकडे ऐकवून "काळजी करू नका" म्हणतो आणि मोकळा होतो. थोडं काम केलेला माणूस आधी विचारतो: धरून उभा राहतो का? दोन्ही हात, दोन्ही पाय सारखे वापरतो का? आधी येत असलेली एखादी गोष्ट करायचं थांबला आहे का? येत असलेलं कौशल्य हरवत असेल तर वय मर्यादेत असूनही त्याला डॉक्टरांकडे पाठवायला हवं. आणि मग तो आईला विचारतो, ही काळजी तुम्हाला वाटते आहे की घरात कुणी बोलून दाखवते आहे? बऱ्याचदा खरं बोलणं या शेवटच्या प्रश्नानंतर सुरू होतं.

समुपदेशक होण्याबद्दल स्पष्ट सांगते, कारण इथे अनेकांचा भ्रमनिरास होतो. या विषयाच्या नुसत्या पदवीवर तुम्ही समुपदेशक किंवा थेरपिस्ट होत नाही. बहुतेक ठिकाणी त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण, देखरेखीखाली केलेल्या कामाचे ठरावीक तास आणि परवाना किंवा नोंदणी लागते. नियम प्रत्येक देशात, कधी कधी त्याच देशातल्या राज्याराज्यांत वेगळे असतात, म्हणून तुम्हाला जिथे काम करायचं आहे तिथले नियम आत्ताच वाचून ठेवा. शाळेत शिकवायचं असेल तरी शिक्षकाचं वेगळं प्रमाणपत्र लागू शकतं. पदवीनंतर थेट मिळणारी कामं म्हणजे बालवाडी आणि पाळणाघरांचं नियोजन, कुटुंबांना आधार देणारे कार्यक्रम, रुग्णालयात दाखल मुलांसोबतचं काम, दत्तक आणि संगोपन संस्था, पालक प्रशिक्षण, संशोधनात माहिती गोळा करणं. यातल्या अनेक कामांत सुरुवातीचा पगार कमी असतो. घरची आर्थिक जबाबदारी लगेच तुमच्यावर येणार असेल तर हा हिशोब बाबांसोबत बसून करा, तो त्यांच्या प्रश्नाइतकाच खरा आहे. समुपदेशन नक्की ठरलेलं असेल तर मानसशास्त्राची पदवीही तितकाच चांगला रस्ता आहे. फरक एवढाच की तिथे व्यक्ती मध्यभागी असते आणि कुटुंब सहसा नंतर येतं, इथे पहिल्या दिवसापासून दोन्ही सोबत असतात.

अभ्यासक्रम कुठला निवडता यावर फार अवलंबून आहे. हाच विषय कुठे गृहविज्ञानात, कुठे शिक्षणशास्त्रात, कुठे समाजकार्य किंवा मानसशास्त्र विभागात असतो आणि त्याप्रमाणे त्याची चव बदलते. माहितीपत्रकावर जाऊ नका. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा आणि विचारा: प्रत्यक्ष मुलांसोबत किती तास काढलेस? विद्यापीठाची स्वतःची बालवाडी आहे का? तुझी निरीक्षणं कुणी वाचून परत दिली, की नुसती सही झाली? वडील, आजी-आजोबा, एकटे पालक, अपंग मूल असलेलं घर, यांच्याबद्दल स्वतंत्रपणे शिकलास का? तासांची संख्या मोठी पण वही कुणी वाचत नाही, असा अभ्यासक्रम मी नाकारेन. कमी तास पण प्रत्येक पानावर शिक्षकाचे प्रश्न, असा घेईन.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. हा विषय शिकताना स्वतःचं घर सारखं समोर येतं. ज्या मुलीने शाळेत असताना दोन भावंडं वाढवली, तिच्या स्वतःच्या बालपणाचं काय झालं, हा प्रश्न एखाद्या साध्या तासाला अचानक अंगावर येऊ शकतो. माझ्या वर्गात दर वर्षी दोन-तीन जण असे गप्प होतात. अशा वेळी बोलायला माणूस असणं गरजेचं आहे, विद्यापीठात समुपदेशन सेवा असेल तर ती वापरण्यात काही कमीपणा नाही. मी त्यांना एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांच्या हवाईतल्या काउआई बेटावरच्या अभ्यासाबद्दल सांगते. १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा त्यांनी ती चाळिशीला येईपर्यंत घेतला. ज्या मुलांच्या वाट्याला गरिबी, घरातली भांडणं, आजारी पालक असं बरंच काही एकदम आलं होतं, त्यांतली सुमारे एक-तृतीयांश मुलं मोठेपणी सक्षम आणि मायाळू माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी खंबीर, मायेचं माणूस होतं. ते दर वेळी आई किंवा वडीलच असायचे असं नाही. कुठे आजी-आजोबा, कुठे शिक्षक, कुठे मोठं भावंड. तुम्ही तुमच्या घरात काय होतात हे इतक्या वर्षांनी अशा अभ्यासातून कळणं, मला वाटतं, तुम्हाला आवडेल. उरलेल्या दोन-तृतीयांश मुलांचं काय, हेही मात्र विचारायला विसरू नका.

माझं मत विचाराल तर प्रवेश घ्या, पण निर्णयाआधी एक काम करा. ओळखीच्या एखाद्या घरी, पालकांची परवानगी घेऊन, त्यांच्या मुलाला दहा मिनिटं पाहा. तुमची भावंडं नकोत. कागदाचे दोन रकाने करा: डावीकडे दिसलं ते, उजवीकडे वाटलं ते. मुलाशी बोलू नका, खेळात शिरू नका, ते तुमच्याकडे आलं तर हसा आणि पुन्हा लिहायला लागा. दुसऱ्या दिवशी तेच मूल, तीच वेळ, नवा कागद. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून पहिल्या दिवशी काय निसटलं होतं ते लाल पेनाने लिहा. ते लिहिताना तुम्हाला कंटाळा आला, की तिसऱ्या दिवशी परत जावंसं वाटलं, ते मला कळवा. बाबांनाही तो कागद दाखवा, आणि त्या मुलाबद्दल त्यांना काय वाटतं ते विचारून त्यांचंही उत्तर उजव्या रकान्यात लिहा.